रक्त पातळ करणारी गोळी आणि रक्तवाहिनीची कल्हई

गेल्या महिन्यातील गोष्ट. बाजाराचा दिवस असल्याने दवाखान्यात गर्दी होती. जवळच्या गावातील एक बाई भावाबरोबर आल्या. वय चाळिशीच्या आतबाहेर. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला, त्यात हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप खराब झाली आणि आठ वर्षांपूर्वी शहरातील मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करून त्यांना धातूची झडप बसवली गेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ करणारी गोळी चालू. रक्ततपासणीची तारीख त्या कधी चुकवत नसत.

त्या दिवशी मात्र त्या काही बोलेनात. शेवटी भावानेच सुरुवात केली. "डॉक्टरसाहेब, अक्कानं गोळी बंद केलीय."

"कधीपासून?"

"अकरा दिवस झाले. तिच्या पोरानं मोबाईलवर वाचलं, या गोळीनं रक्ताच्या नळ्या आतून चुन्यासारख्या कडक होतात म्हणून. तेव्हापासून गोळीला हात लावीना."

मी घाईघाईने छातीला नळी लावली. धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज स्वच्छ येत होता. जीव थोडा भांड्यात पडला. रक्त तपासून घेतले तर आयएनआर १.१. म्हणजे गोळीचा परिणाम जवळजवळ शून्य. त्याच दुपारी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. इको तपासणीत झडपेवर गुठळी दिसली नाही. हेपारिनची इंजेक्शने देत गोळी पुन्हा सुरू झाली आणि आठ-दहा दिवसांनी त्या घरी परतल्या. नशीब बलवत्तर, एवढेच म्हणायचे.

पुढच्या बाजारी त्या पुन्हा आल्या आणि मला एकच प्रश्न विचारला. "डॉक्टर, पोरानं वाचलं ते खोटं होतं का?"

वाचकहो, या प्रश्नाने मी अडखळलो. कारण मुलाने वाचलेले सर्वस्वी खोटे नव्हते. शिवाय आठ वर्षे मी त्यांना 'गोळी चुकवू नका' एवढेच सांगत आलो होतो. का चुकवायची नाही, ते कधी समजावून सांगितले नव्हते. ती चूक माझी. ज्यांच्या घरात ही गोळी चालू आहे, अशा सर्वांसाठी ते काम आज या सदरात करीत आहे.

आतली कल्हई

आपल्या आजीच्या काळी पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई लावत. कल्हई शाबूत असेल तर आमटी, ताक काहीही ठेवा, बिघडत नसे. कल्हई उडाली की आंबट पदार्थ कळकलाच म्हणून समजा. आपल्या रक्तवाहिन्यांनाही अशी एक कल्हई असते. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या महाधमनीपासून डोळ्यांना न दिसणाऱ्या केशवाहिनीपर्यंत सर्व नळ्यांच्या आतल्या बाजूला पेशींचा फक्त एक थर असतो. यालाच रक्तवाहिनीचे अस्तर म्हणतात. हृदयाच्या कप्प्यांना व मूळच्या झडपांनाही असेच अस्तर असते.

पूर्वी डॉक्टरांनाही वाटे की हे अस्तर म्हणजे नुसता गुळगुळीत गिलावा. तसे ते नाही, हे गेल्या पन्नास वर्षांत कळले. १९७६ मध्ये इंग्लंडमधील जॉन व्हेन यांच्या गटाला या अस्तरातून स्रवणारा प्रोस्टासायक्लिन हा पदार्थ सापडला. रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, एकमेकींना चिकटू नयेत हे त्याचे काम. १९८० मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवून दिले की अस्तर खरवडून काढले, तर रक्तवाहिनीची सैल पडण्याची एक महत्त्वाची क्रिया थांबते. ती घडवून आणणारा पदार्थ नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे, असे पुढे सिद्ध झाले. व्हेन यांना १९८२ मध्ये आणि फर्चगॉट यांना १९९८ मध्ये इतर शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्त गोठू न देण्याची अस्तराची आणखी दोन साधने आहेत. अस्तराच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या असतात. आपण रुग्णालयात देतो ते हेपारिनचे इंजेक्शन याच साखळ्यांचे जवळचे नातेवाईक. दुसरे साधन म्हणजे अस्तरावर बसवलेला एक पहारेकरी. त्याचे नाव थ्रॉम्बोमोड्युलिन. गुठळी बनवायला निघालेले थ्रॉम्बिन हा पहारेकरी धरून ठेवतो आणि त्याच्याच हातून 'प्रथिन सी' नावाचे गोठणविरोधी प्रथिन जागे करवतो. चोराकडूनच कुलूप लावून घेण्यासारखे हे काम आहे. प्रथिन सी हे नाव लक्षात ठेवा. त्याची गरज पुढे पडेल.

गोळी नेमके काय करते?

'रक्त पातळ करणारी' हे नाव आपल्या सर्वांच्या तोंडी बसले असले, तरी या गोळीने रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. ते गोठायला वेळ लागतो, इतकेच. वॉरफरिन आणि असेनोकुमेरॉल ही या गटातील आपल्याकडे नेहमी वापरली जाणारी औषधे.

यकृतात रक्त गोठवणारी काही प्रथिने तयार होतात. गोठण घटक २, ७, ९ व १० असे त्यांचे क्रमांक आहेत. ती तयार झाल्यावर जीवनसत्त्व 'के' च्या मदतीने त्यांना जणू चिमटे बसवले जातात. हे चिमटे कॅल्शियम पकडतात आणि कॅल्शियमच्या आधाराने प्रथिन जखमेच्या जागी घट्ट बसते. एकदा वापरलेले जीवनसत्त्व 'के' शरीर फेकून देत नाही. बोथट झालेला विळा लोहाराकडून शेवटून घ्यावा, तसे ते पुन्हा ताजे करून घेते. वॉरफरिन नेमका या लोहाराचा हात धरते. मग प्रथिने तयार होतात, पण चिमट्यांविना. ती रक्तात असूनही गुठळी बांधू शकत नाहीत.

या औषधाचा शोध गोठ्यात लागला असे म्हटले तरी चालेल. १९२० नंतरच्या वर्षांत कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या थंड मुलखात बुरशी लागलेली गोड क्लोव्हर ही वैरण खाऊन गाईगुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी हिमवादळातून सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत विद्यापीठात आला. बरोबर मेलेली कालवड, बुरसलेली वैरण आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त. तेथील रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांनी त्याचा ध्यास घेतला. १९३९ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने वैरणीतील विषारी द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. त्याच घराण्यातील वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ पासून अमेरिकेत माणसांसाठी वापरात आले. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर तेच देण्यात आले. उंदराचे औषध माणसाला कसे, म्हणून दचकू नये. विष आणि औषध यांत फरक मात्रेचा. म्हणूनच तर आयएनआर तपासायचा.

पहिले काही दिवस नाजूक का?

आता प्रथिन सी कडे वळू. अस्तरावर जागे होणारे हे प्रथिनही यकृतातच बनते आणि त्यालाही जीवनसत्त्व 'के' चे चिमटे लागतात. म्हणजे गोळी गुठळी बांधणाऱ्यांना अडवते तसे गुठळी रोखणाऱ्यालाही अडवते. त्यातही प्रथिन सी रक्तात थोडेच तास टिकते, तर गोठण घटक २ दोन-तीन दिवस. त्यामुळे गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत अस्तराचा पहारा आधी ढिला पडतो आणि गुठळीविरुद्धचा पूर्ण परिणाम मागून येतो. क्वचित एखाद्या रुग्णात त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या होऊन कातडी काळी पडते. म्हणूनच गुठळीचा धोका असलेल्या रुग्णाला सुरुवातीला हेपारिनचे इंजेक्शन आणि गोळी दोन्ही बरोबर देतात. आमच्या अक्कांना आठ-दहा दिवस रुग्णालयात राहावे लागले ते यासाठी. गोळी मनाने बंद करणे जसे वाईट, तसे खंड पडल्यावर मनानेच पुन्हा सुरू करणे किंवा दोन-दोन गोळ्या घेऊन भरपाई करणेही वाईट.

नळ्या कडक होतात का?

आता मुलाने वाचलेल्या मजकुराकडे येऊ. बोअरचे जड पाणी तापवून बंबाला आतून पांढरा थर धरतो, हे आपण पाहतो. आपल्या रक्तातही कॅल्शियम असते. मग धमन्यांना असा थर का धरत नाही? कारण अस्तराखालच्या स्नायूंच्या पेशी एक राखणदार प्रथिन तयार करतात. मॅट्रिक्स ग्ला प्रथिन हे त्याचे नाव. ते कॅल्शियमला धमनीच्या भिंतीत बसू देत नाही. आणि या राखणदारालाही जीवनसत्त्व 'के' चेच चिमटे लागतात!

१९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी हे प्रथिन जन्मतःच नसलेले उंदीर तयार केले. दोन महिन्यांच्या आत त्यांच्या धमन्यांत चुना साचला, धमन्या फुटल्या आणि ते मेले. १९९८ मध्ये दुसऱ्या एका प्रयोगात उंदरांना वॉरफरिन दिले, तेव्हा त्यांच्याही धमन्यांत व हृदयाच्या झडपांत कॅल्शियम साचले. ती मात्रा माणसाला देतात त्याहून कितीतरी मोठी होती, हेही सांगितले पाहिजे.

माणसांचे काय? अनेक वर्षे ही गोळी घेणाऱ्यांच्या धमन्यांत व झडपांत कॅल्शियमचे प्रमाण अधिक आढळल्याचे अभ्यास आहेत. परंतु गोळी घेणारे रुग्ण बहुधा वयस्क असतात, त्यांना मधुमेह, रक्तदाब असतो. त्यामुळे कडकपणातील किती वाटा वयाचा, किती रोगांचा आणि किती गोळीचा, हे वेगळे काढणे अवघड जाते. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, त्यांच्यात मात्र हा धोका ठळक आहे. त्वचेतील बारीक धमन्यांत कॅल्शियम साचून अतिशय वेदनादायक जखमा होण्याचा एक दुर्मीळ आजार त्यांना होतो आणि वॉरफरिनने त्याची शक्यता वाढते. अशा रुग्णांनी मूत्रपिंडतज्ज्ञ व हृदयरोगतज्ज्ञ या दोघांचा सल्ला घ्यावा.

थोडक्यात, मुलगा वाचत होता त्यात तथ्य होते. चूक झाली ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात.

मग गोळी का सोडायची नाही?

याचे उत्तर पुन्हा कल्हईतच आहे. बसवलेली धातूची झडप कितीही उत्तम असो, तिच्या उघडझाप करणाऱ्या भागाला जिवंत अस्तर नसते. मग ती परदेशी असो, की तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली आणि ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णाला बसवलेली भारतीय झडप असो. तिथे प्रोस्टासायक्लिन नाही, साखरेच्या साखळ्या नाहीत, पहारेकरी नाही. रक्ताला ती परकी वस्तू वाटते आणि ते तिच्यावर गोठू पाहते. अस्तर जे काम स्वतः करते, त्यातले काही काम या ठिकाणी गोळीला करावे लागते. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून राहते. तिथेही हीच गरज असते.

शिवाय वेळेचा हिशोब पाहा. धमनीत कॅल्शियम साचायला वर्षे लागतात. झडपेवर गुठळी व्हायला काही दिवस पुरतात.

पंधराएक वर्षांपूर्वीचा एक रुग्ण मी विसरू शकत नाही. उसाच्या तोडीची गडबड, तपासणीला यायला सवड नाही, म्हणून त्याने गोळी थांबवली होती. तीन आठवड्यांनी बैलगाडीत निजवून त्याला आणले, तेव्हा तोंड वाकडे झाले होते आणि उजवा हात-पाय लुळा पडला होता. झडपेवरची गुठळी सुटून मेंदूत गेली होती. जीव वाचला, पण वाचा परत आली नाही. त्याची बायको मला म्हणाली, "रात्री घड्याळासारखा आवाज यायचा ना छातीतून, तो दोन दिवस घोगरा झाला होता." तिला ते कळले होते. पण त्याचा अर्थ काय, हे तिला कोणी सांगितले नव्हते. मीही नाही.

'मग नव्या गोळ्या का नाही देत? त्यांना आयएनआर लागत नाही म्हणे,' असे काही जण विचारतात. डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान या नव्या गोळ्या जीवनसत्त्व 'के' च्या वाटेला जात नाहीत, हे खरे. अनेक आजारांत त्या उपयोगी पडतात. पण धातूच्या झडपेच्या रुग्णांवर डॅबिगॅट्रानचा प्रयोग २०१२ मध्ये अर्धवट थांबवावा लागला. गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. संधिवाताच्या तापाने झडप खराब होऊन ठोके अनियमित झालेल्या रुग्णांतही जुनीच गोळी रिव्हारोक्साबानपेक्षा सरस ठरल्याचे २०२२ मध्ये दिसून आले. तेव्हा शेजाऱ्याला चालते म्हणून आपणही बदलू नये.

घरी काय पाळावे?

१. गोळी रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो संध्याकाळी घ्यावी. विसरल्यास त्याच दिवशी आठवताच घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

२. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. मायट्रल जागी धातूची झडप असल्यास तो साधारणपणे २.५ ते ३.५ आणि अनियमित ठोक्यांसाठी २ ते ३ ठेवतात. आपला आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

३. पालक, मेथी, अळू, कोबी, कोथिंबीर यांत जीवनसत्त्व 'के' भरपूर असते. म्हणून त्या सोडू नयेत. आठवड्याला जेवढ्या खाता तेवढ्याच वर्षभर खाव्यात. हिवाळ्यात स्वस्त झाली म्हणून रोज मेथी आणि उन्हाळ्यात अजिबात नाही, असे केले की आकडा वरखाली होतो. उपासाच्या महिन्यात किंवा पावसाळ्यात रानभाज्या सुरू झाल्यावर एकदा तपासणी करावी.

४. ताप, जुलाब, अन्नावरची वासना उडणे, प्रतिजैविकांचा कोर्स यांमुळे गोळीचा परिणाम एकदम वाढू शकतो. अशा वेळी रक्त लवकर तपासावे.

५. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या परस्पर घेऊ नयेत. झाडपाल्याचे औषधही डॉक्टरांना सांगूनच घ्यावे. कमरेत इंजेक्शन घेण्यापूर्वी किंवा दात काढण्यापूर्वी 'मला ही गोळी चालू आहे' हे आधी सांगावे.

६. मूल हवे असणाऱ्या स्त्रियांनी दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. या गोळीने पोटातील बाळाच्या हाडांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मात्र भीतीने आपण होऊन गोळी बंद करू नये.

७. काळी शी, लाल लघवी, हिरड्यांतून न थांबणारे रक्त, डोक्याला लागलेला मार, अचानक तीव्र डोकेदुखी. तसेच तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हात-पाय लुळा पडणे, दम लागणे किंवा झडपेची टिकटिक घोगरी होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

आणि हो, अस्तराचे खरे शत्रू विसरू नका. तंबाखू, मोकाट सुटलेला मधुमेह आणि रक्तदाब. गोळीला घाबरून ती सोडायची आणि बिडी मात्र चालू ठेवायची, यात शहाणपण नाही.

अक्कांना मी हे सारे तासभर बसवून सांगितले. त्यांचा मुलगाही बरोबर होता. आधी तो खाली मान घालून बसला होता. त्याला म्हटले, "बाळ, तू वाचलंस ते चांगलंच केलंस. पुढच्या वेळी वाचलंस की आधी इकडे ये." आता घरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर तो रोज गोळीची खूण करतो आणि तपासणीचा आकडा त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहितो. परवा अक्का आल्या तेव्हा आकडा २.८ होता. जाता जाता त्यांनी विचारले, "मग मेथी खाऊ ना?"

"खा," मी म्हणालो, "पण दर आठवड्याला तेवढीच."